जे उजळणीत नव्हतं

अन्वय कन्सल्टिंगच्या परीक्षेत कुठल्याही यंत्राची मदत घेता येत नसे, आणि म्हणूनच ती अवघड होती.

आपण फक्त प्रश्न विचारायचा आणि तक्ते, आलेख, स्लाइड्स यंत्राने करून द्यायच्या, याची सवय लोकांना शाळेपासून लागलेली. पण मध्यंतरी काही मोठे घोळ झाले. यंत्राने चुकीची बेरीज इतक्या देखण्या स्लाइडवर मांडली, की कोणाला संशयच आला नाही, आणि तिच्यावर भरवसा ठेवून कारखाने उभे राहिले. त्यानंतर सल्लागार कंपन्यांनी जुनी पद्धत परत आणली. उमेदवाराला बंद हॉलमध्ये बसवायचं, कोरी स्प्रेडशीट आणि चुकांनी भरलेला डेटा हातात द्यायचा आणि दीड तासात त्यातून निष्कर्ष काढून तीन स्लाइड्स करायला लावायच्या. ज्याला स्वतः तक्ता बांधता येतो त्यालाच दुसऱ्याच्या तक्त्यातली चूक दिसते, असं त्यांचं म्हणणं. मुलं तिला ‘हातपरीक्षा’ म्हणत.

नागपुरात गोकुळपेठेतल्या एका अभ्यासिकेत ओजस भोयर आणि उत्पला खोब्रागडे या हातपरीक्षेची तयारी करत होते. ओजस उमरेडचा, इंजिनिअर झालेला, डोक्याने तल्लख पण कमालीचा धांदरट. उत्पला भंडाऱ्याची. तिने संख्याशास्त्र केलं होतं आणि तिचं काम सावकाश, पण नीट चाले. शेजारच्या टेबलावर बसता बसता ओळख झाली आणि हळूहळू ती त्याला शिकवू लागली.

“हा मथळा वाच बरं,” एकदा त्याच्या स्क्रीनवर बोट ठेवून ती म्हणाली.

“‘तिमाही विक्रीचा आढावा’. काय वाईट आहे त्यात?”

“यातून कळलं काय? विक्री वाढली, घटली, बंद पडली? वाचणारा मथळ्याच्या पुढे काहीच वाचणार नाही असं समज. जे सांगायचं ते तिथंच सांगून टाक.”

ओजसने थोडा विचार करून लिहिलं, ‘विदर्भात विक्री घटली, कारण माल दुकानात उशिरा पोचतो.’

“आता कसं!” उत्पला खुशीत म्हणाली.

अशा कितीतरी गोष्टी तिने सांगितल्या. गृहीतकं एका पानावर ठेवायची, आकडेमोड दुसऱ्यावर. फॉर्म्युल्याच्या पोटात आकडा लपवायचा नाही. शेवटी उभी आणि आडवी बेरीज जुळवून पाहायची, नाही जुळली तर स्लाइडला हात लावायचा नाही. संध्याकाळी ओजसला सगळं पटायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी निम्मं उडून गेलेलं असायचं. सराव परीक्षांत तो सारखा मागे पडत होता आणि परीक्षा जवळ येत चालली होती.

तेव्हा त्याने ‘उजळणी’ घेतली.

*

‘उजळणी’ ही कपाळावर बांधायची मऊ पट्टी होती. तिच्यामागचं शास्त्र जुनंच होतं. आपण झोपतो तेव्हा मेंदू काही स्वस्थ बसत नाही. दिवसभरात जे जे घडलं, त्याची तो गाढ झोपेत पुन्हा पुन्हा उजळणी करतो. दिवसाच्या आठवणी मेंदूच्या एका छोट्या भागात तात्पुरत्या उतरवलेल्या असतात. उजळणी होते तसतशा त्या तिथून हलून मोठ्या मेंदूत कायमच्या मुक्कामाला जातात. ज्यांची उजळणी होत नाही त्या काही आठवड्यांत विरून जातात. अभ्यास करताना कानात एखादा मंद सूर वाजत ठेवला आणि गाढ झोपेत नेमक्या वेळी तोच सूर पुन्हा वाजवला, तर मेंदू त्या सुराशी जोडलेलाच भाग उजळायला घेतो. एवढं प्रयोगशाळांमध्ये केव्हाच सिद्ध झालं होतं.

नवं होतं ते त्याच्या पुढचं. ही पट्टी सूर वाजवून थांबत नसे. सुराशी न जोडलेली आठवण उजळायला आली की ती एका सूक्ष्म विद्युत स्पंदनाने तिला मागे सारायची. त्यामुळे गाढ झोपेचा सगळा वेळ अभ्यासाला मिळायचा. खोक्यावर बारीक अक्षरांत एक ओळ होती: ‘असंबद्ध तपशील काही प्रमाणात पुसट होऊ शकतात.’

“तू घेणार?” ओजसने उत्पलाला विचारलं होतं.

“छे. काय ठेवायचं अन् काय टाकायचं हे ती पट्टी ठरवणार काहून? तूपण नको घेऊ. आपण अजून दोन केस जास्त सोडवू.”

“बरं,” ओजस म्हणाला.

पण त्याच आठवड्यात त्याने पट्टी आणली आणि तिला सांगितलं नाही. तिला वाईट वाटेल, आपण तिचं शिकवणं कमी लेखतो असं वाटेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. अभ्यासाला बसला की तो कानात इअरबड घालून सूर सुरू करायचा. ती विचारायची तेव्हा गाणी ऐकतो म्हणायचा. टेबलावरून उठला की सूर बंद.

फरक लगेच दिसला. एकदा समजलेला फॉर्म्युला आता हलत नव्हता. सराव परीक्षेत तो उत्पलाच्या बरोबरीला आला, मग तिच्या पुढे गेला. आईचा फोन आला की कधी कधी ती म्हणायची, “अरे, मागच्या रविवारी आला होतास तेव्हा तूच तर कबूल केलंस.” तो म्हणायचा, “हो का? अभ्यासाच्या गडबडीत राहून गेलं.” आणि ते खरंच अभ्यासामुळे आहे, असंच त्याला वाटायचं.

*

परीक्षेला काही आठवडे उरले असताना, एका संध्याकाळी अभ्यासिकेच्या जिन्यात उत्पला थांबली. जिना अरुंद होता आणि वळणावर कायम अंधार असे.

“ओजस, एक सांगायचं आहे. दुसऱ्या कोणाला माहीत नाही, घरीसुद्धा नाही.”

तो दोन पायऱ्या खाली जाऊन पोचला होता. तो परत वर आला.

तिच्या डोळ्यांचा पडदा कडेकडेने निकामी होत चालला होता. डॉक्टरांनी उन्हाळ्यात सांगितलं होतं. समोरचं तिला स्पष्ट दिसायचं, पण आजूबाजूचं नळीतून पाहिल्यासारखं तुटत चाललं होतं. अंधारात तर फारच. हे वाढत जाणार होतं आणि त्यावर अजून इलाज नव्हता.

“म्हणून तू नेहमी एवढ्याशा लॅपटॉपवर काम करते?”

“हो. एवढा स्क्रीन मला एका नजरेत दिसतो. पण अन्वयच्या हॉलमध्ये मोठे, वाकडे स्क्रीन असतात म्हणे, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. कडेचं काही सुटलं तर मला कळणारसुद्धा नाही की सुटलं.”

“मग आधीच कळवून टाक ना त्यांना.”

“अर्जात रकाना होता. मी कोरा सोडला. लिहिलं असतं तर बोलावलंच नसतं, अशी भीती वाटली.” ती कठड्यावर हात ठेवून उभी होती. “तिथं गेल्यावर लहान स्क्रीन मागता येतो. पण एकटीने मागितला तर विचारतील, काय झालं? दोघांनी मागितला तर ती सवय वाटेल. तू मागशील माझ्यासोबत?”

“हे काय विचारणं झालं? दोघं मागू. मी आधी मागतो, मग तू माग.”

“नक्की?”

“नक्की, उत्पला.”

तिने मोठा श्वास सोडला. “आता त्या दिवसापर्यंत हा विषय काढायचा नाही. मला अभ्यास करू दे.”

त्याने मान हलवली आणि खाली उतरताना तिचा कोपर हलकेच धरला. “आता वळण आहे,” तो म्हणाला.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी जिना उतरताना तो तिचा कोपर धरायचा आणि वळण आलं की सांगायचा. विषय त्याने एकदाही काढला नाही. तो आपला शब्द पाळतोय असंच उत्पलाला वाटायचं. आणि सुरुवातीचे काही दिवस ते खरंही होतं.

*

परीक्षा वर्धा रस्त्यावरच्या एका नव्या इमारतीत होती. ओजस लिफ्टने वर आला तेव्हा उत्पला दाराशी उभी होती. तिने निळा कुडता घातला होता आणि चेहऱ्यावर ताण होता.

“आलास! चल,” ती म्हणाली.

“चल. झोप झाली ना नीट?”

हॉलमध्ये प्रत्येक टेबलावर रुंद, अर्धगोल स्क्रीन होता. समोर एक पर्यवेक्षक बाई यादी घेऊन बसल्या होत्या. ओजसने त्यांना नाव सांगितलं, आपली जागा विचारली आणि सरळ तिथे जाऊन बसला. खुर्ची पुढे ओढली. स्क्रीन आपल्याकडे वळवून घेतला. मग त्याने मागे वळून पाहिलं.

उत्पला अजून पर्यवेक्षक बाईंपाशी उभी होती आणि त्याच्याकडे पाहत होती. तिला धीर हवा असेल असं वाटून त्याने हसून अंगठा वर केला.

ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. बाईंनी काहीतरी विचारलं. तिने नकारार्थी मान हलवली आणि आपल्या जागेवर, त्या रुंद स्क्रीनसमोर जाऊन बसली.

डेटा एका फळप्रक्रिया कंपनीचा होता. कुठला कारखाना वाढवावा, हा प्रश्न. ओजसची बोटं आपोआप चालत होती. गृहीतकं एका पानावर, आकडेमोड दुसऱ्यावर, फॉर्म्युल्यात आकडा नाही. अगदी उजव्या कडेला, सगळ्यांपासून तुटून, एक कॉलम होता: परत आलेला माल. तो धरला की सगळं चित्र उलटं व्हायचं. जो कारखाना सर्वांत चांगला वाटत होता, त्याचाच माल सर्वांत जास्त परत येत होता. ओजसने मथळ्यात तेच लिहिलं.

बाहेर आल्यावर तो उत्साहात म्हणाला, “तो परतीचा कॉलम कसा बेमालूम लपवला होता ना!”

“कोणता कॉलम?” उत्पलाने विचारलं. मग तिला कळलं.

ओजसची निवड झाली, उत्पलाची नाही. तिने फोनवर “अभिनंदन” म्हटलं आणि ती भंडाऱ्याला निघून गेली. त्याने नंतर काही वेळा फोन केला, तेव्हा ती तुटकच बोलली. नापास झाल्याचं तिला लागलं असणार, आपलं यश तिला पाहवत नसणार, असं ओजसने ठरवून टाकलं. असं ठरवणं सोपं होतं, आणि पुण्यात नवी नोकरी वाट पाहत होती. त्याने फोन करणं सोडलं.

*

पुण्याच्या कचेरीत त्याचं चांगलं बस्तान बसलं. त्याच्या स्लाइड्सची तारीफ होऊ लागली. पट्टी आता कपाटात पडून होती.

एकदा लिफ्ट बंद होती म्हणून तो आणि त्याची सहकारी रेवती जिन्याने तळघरातल्या पार्किंगकडे निघाले. दिवा गेलेला होता. उतरता उतरता ओजसचा हात पुढे गेला, त्याने तिचा कोपर धरला आणि म्हणाला, “आता वळण आहे.”

रेवती थबकली. “मला दिसतंय की. काय झालं?”

त्याने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. “सॉरी. मलाच कळलं नाही.”

तिने ते हसण्यावारी नेलं. पण पुढच्या आठवड्यात तो एकटाच एका अंधाऱ्या जिन्यातून उतरत होता, तेव्हाही त्याचा डावा हात आपोआप बाजूला गेला आणि तोंडातून तेच शब्द आले. शेजारी कोणी नव्हतं. तो तिथेच पायरीवर बसला आणि आठवायचा प्रयत्न करू लागला. असा वळणाचा अंधारा जिना त्याच्या ओळखीचा एकच होता, अभ्यासिकेचा. अभ्यासिका आठवत होती, टेबल आठवत होतं. उभी-आडवी बेरीज, मथळे, फॉर्म्युले, एकूण एक गोष्ट आठवत होती. हे सगळं उत्पलाने शिकवलं हेही माहीत होतं. पण ते शिकवताना ती काय बोलली, कशी हसली, टेबलावरून उठल्यावर दोघं कुठे गेले, जिन्यात काय झालं, यातलं काहीही नव्हतं. त्या सगळ्या महिन्यांच्या संध्याकाळी जणू कोणी कापून नेल्या होत्या.

तो मेंदूविकारतज्ज्ञ डॉक्टर गंधे यांच्याकडे गेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पट्टी उलटसुलट करून पाहिली.

“सवय आणि आठवण मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी राहतात,” त्या म्हणाल्या. “सवय रोज करून करून अंगात मुरते. तिचा भाग पट्टीने अडवला नाही. म्हणून हात अजून पुढे जातो. का जातो, हे जिथे असायला हवं होतं, तिथे काही शिल्लक नाही.”

“पण डॉक्टर, ज्या गोष्टी मनाला भिडतात, त्या तर माणूस विसरत नाही.”

“कारण झोपेत त्यांची उजळणी सर्वांत आधी होते. तुम्ही त्यांनाच दारातून परत पाठवलंत.”

“कंपनीने चाचण्या केल्या असतील ना?”

“केल्या होत्या. शिकवलेलं किती लक्षात राहिलं हे विचारलं. बाकीचं काय गेलं, हे कोणी विचारलंच नाही. आणि गेलं ते ज्याचं गेलं त्याला कळणार कसं?” त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली. “मी परत आणून देऊ शकत नाही. हात ज्यांच्यासाठी पुढे जातो, त्यांना विचारा.”

*

भंडाऱ्याला खांब तलावाजवळच्या एका गल्लीत उत्पलाचं घर होतं. पत्ता विचारत विचारत ओजस दुपारी तिथे पोचला. दार उघडंच होतं. समोरच्या खोलीत उत्पला कानाला हेडफोन लावून बसली होती. स्क्रीन होता, पण ती त्याकडे पाहत नव्हती.

“उत्पला.”

तिने हेडफोन काढले आणि आवाजाच्या दिशेने मान वळवली. त्याचा चेहरा सापडायला तिला थोडा वेळ लागला.

“ओजस? बस.” ती उठली नाही. “जिल्ह्यातल्या तलावांच्या पाणीपातळीचं काम आहे. तक्ता वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर शिकून राहिली. आता मी तक्ते ऐकते.”

“ऐकते?”

“डोळ्यांचं तुला ठाऊकच आहे. वाढलं ते.”

ओजसला काहीच ठाऊक नव्हतं. क्षणभर वाटलं, हो म्हणावं आणि वेळ मारून न्यावी.

“मला ठाऊक नाही,” तो म्हणाला. “मी जिन्यात तुझा हात का धरत होतो, हेच विचारायला आलो.”

“ही काय थट्टा आहे?”

मग त्याने पट्टीबद्दल सांगितलं. केव्हा घेतली, तिच्यापासून का लपवली, डॉक्टर काय म्हणाल्या, सगळं. ती न हलता ऐकत होती.

“म्हणजे मी तुला जिन्यात सांगितलं, त्या दिवशीही ती होती तुझ्याकडे?”

“कोणत्या दिवशी?”

उत्पलाने डोळे मिटले. मग हळूहळू, एकेक वाक्य करून, तिने त्याला सांगितलं. डोळ्यांचं, कोऱ्या रकान्याचं, दोघांनी मागायच्या लहान स्क्रीनचं. आणि त्या हॉलमध्ये त्याने वर केलेल्या अंगठ्याचं. तो अंगठा त्याला आठवत होता.

“मला वाटलं, ऐनवेळी तू बदलला,” ती म्हणाली. “आपलंही नाव खराब होईल अशी भीती वाटली तुला. इतके महिने मी तुझ्यावर रागावून होती. तो राग बरा होता रे. निदान त्यात तू होतास. आता कोणावर रागवू?”

ओजस घाईघाईने म्हणाला, “मी कंपनीत बोलतो. सगळं सांगतो. परत परीक्षा घ्यायला लावतो.”

“त्यांचा नियम मला पाठ आहे. दोन वर्षं थांबावं लागते.” तिने दोन्ही तळवे चेहऱ्याच्या अगदी जवळ, समोरासमोर धरले. मधे जेमतेम वीतभर जागा होती. “आज एवढं दिसते. दोन वर्षांनी कोणता स्क्रीन मागू?”

बाहेरून कोणी तरी सायकल ढकलत गेलं.

“अजून काय काय झालं होतं?” त्याने शेवटी विचारलं. “मी काय काय बोललो होतो? सांग ना. सगळं सांग. मी लक्षात ठेवीन.”

ती बोलू लागली. कसं तो पोह्यांवरचा रस्सा सगळ्यात आधी पिऊन टाकायचा. कसं तिला हसवायला त्याने अभ्यासिकेच्या मांजरावर तीन स्लाइड्स केल्या होत्या. तो जीव एकवटून ऐकत होता. पण ऐकताना त्याला स्वतःचं असं काहीच जाणवत नव्हतं. कुठल्या तरी भल्या मुलाची हकीकत कोणी सांगावी तसं ते होतं.

“आणि परीक्षेच्या आधी एकदा तू म्हणाला होतास,” उत्पला म्हणाली आणि थांबली.

“काय म्हणालो होतो?”

“नको. सांगितलं तर तुला पाठ होईल, ओजस. आठवणार नाही.”

इतक्यात आतून तिची आई चहा घेऊन आली. तिने “जय भीम” म्हणून कप पुढे केला आणि त्याच्याकडे निरखून पाहिलं.

“बाबू, तू याच्या आधी आलता का आमच्या घरी? चेहरा पाह्यल्यासारखा वाटते.”

ओजसने उत्पलाकडे पाहिलं. उत्तर त्याला खरोखरच माहीत नव्हतं.

“नाही आई,” उत्पला म्हणाली. “येणार होता.”